न विचारलेला काप

कुपीत उरले आहे आठ मायक्रोलिटर.
डोळ्यांत घालायच्या औषधाच्या एका थेंबाचा
पाचवा हिस्सा म्हणा.
कंपनीचे पत्र आले आहे: हा लॉट खंडित.
पुढचा येईल तो दुसऱ्या प्राण्यापासून,
निकाल जुळतीलच याची हमी नाही.

म्हणजे ससा मेला.
पत्रात तसे कुठेही लिहिलेले नाही.

बांबोळीच्या पठारावर, तळमजल्यात,
अकरा वर्षे मी या सशाची हमाली करते.
तो पांढरा होता की करडा, मला ठाऊक नाही.
कुठल्याशा देशात त्याच्या कातडीखाली कुणी टोचले
चेतातंतूंच्या आतल्या वाशांचे एक प्रथिन,
आणि त्याच्या रक्ताने ते परके मानून
तोंडपाठ केले.
भांडणातून झालेली ओळख,
पण अशी पक्की
की उंदराच्या मेंदूच्या पातळ कापावर सोडला
तर हजारो प्रथिनांच्या बाजारातून
नेमका त्या वाशांपाशी जाऊन बसतो.
बाकी कुणाशी बोलत नाही.
(थोडेफार बोलतो. म्हणून तर धुवायचे, तीनदा, दहा-दहा मिनिटे.)

एका वैशाखात वादळाने दोन दिवस वीज नेली.
जनरेटर वॉर्डांना पुरवायचा होता,
सशाला कोण विचारतो.
स्कूटर काढून आगशीला गेले.
रस्त्याकडेला एस्पेरान्स
बांगड्यांवर गोणपाट टाकून बसली होती.
‘कितें सांबाळटा गो बाये इतलें?’
काय सांगणार. म्हटले, सशाचे रक्त.
तिने कपाळापासून छातीपर्यंत खुरीस काढला
आणि अर्धी पाटी बर्फ दिला.
पैसे घेतले नाहीत, घ्यायला हात पुढे केला नाही म्हणजे.
महिनाभर थर्माकोलच्या डब्याला मासळीचा वास.
आणि त्या खेपेचे तंतू एरवीपेक्षा उजळ आले.
सर म्हणाले, योगायोग, वहीत लिहू नका.
मी लिहिले नाही. पण बर्फ कुणी दिला ते लिहिले.

आज ग्लेनिशाचे पाच काप.
शंभरात एक या हिशेबाने आठ मायक्रोलिटर
चार कापांना पुरतात.
पाचव्याला काहीच द्यायचे नाही.
नियमच आहे तसा: एक काप
न विचारता ठेवायचा.
त्याला बाकी सगळे तेच.
तेच मीठपाणी, तीच थंड रात्र,
सकाळी तीच शेळी.
हो, शेळी. तिला ससा टोचलेला,
म्हणून ती सशाला ओळखते,
आणि तिच्या गळ्यात हिरवा दिवा बांधलेला असतो.
शेळी सशाला शोधते, ससा वाशांना,
मी हिरव्याला.
आमच्यातल्या कुणीच
तो उंदीर पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी काळोख करून बसलो.
बाहेर रुग्णवाहिका, मग कदंबाचा हॉर्न,
मग काहीच नाही.
पहिला काप: हिरव्या दोऱ्या,
झुआरीच्या धक्क्यावर कुणी जाळे पसरावे तशा.
नाही, तशा नव्हत्या.
जाळ्याला गाठी असतात. या नुसत्याच
कुठून तरी कुठे तरी जात होत्या.
ग्लेनिशाने चारही कापांचे फोटो काढले,
मोबाइलवर आईला एक पाठवला.

पाचवा काप मी लावला.
शेळी त्याच्यावरून दिवा घेऊन फिरून गेली होती,
थांबायला कुणी भेटले नव्हते.
काळे. सगळे काळे.
वासे तिथेही होते, तितकेच, तसेच उभे.
‘बरोबर आलाय,’ मी म्हणाले.
‘यात काय बघता एवढा वेळ, बाई?’
मला सांगता आले नाही.

कुपी लाल पिशवीत टाकली.
नोंदवहीत तारीख, लॉट क्रमांक, शिल्लक शून्य.
शेवटचा रकाना कारणाचा.
तिथे बहुधा लिहितो: वापरले.
मी लिहिले, ससा.